आजार की ठेवण?



गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहिले, सह्या-अंगठे झाले की गोष्टी निघतात दुखण्या-खुपण्याच्या. कुणाची कंबर धरलेली, कुणाचा गुडघा, कुणाच्या नसेवर नस चढलेली. आज आपण त्या नसेबद्दलच बोलणार आहोत. विषय निघायचं कारण असं, की आमच्या गटांमधल्या तीन-चार जणींच्या सोनोग्राफीच्या नाहीतर सीटी स्कॅनच्या कागदावर नसांबद्दल काहीतरी इंग्रजीत लिहून आलं आणि घराघरात घाबरगुंडी उडाली. एका घरी तर शेळी विकायची बोलणी सुरू झाली, पुढच्या तपासण्यांसाठी. कागदाचा अर्थ मात्र कुणीच समजावून सांगितला नव्हता.

आधी एक गोष्ट सोपी करून घेऊ. आपण सगळ्यालाच नस म्हणतो, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. मेंदूचा निरोप पोचवतात ते मज्जातंतू. हाताच्या पाठीवर हिरव्या-निळ्या दिसतात, जिथून तपासायला रक्त काढतात, त्या शिरा. त्या रक्त हृदयाकडे परत नेतात. तिसऱ्या धमन्या. शाळेच्या पुस्तकात त्यांना रोहिणी म्हटलेलं असतं. त्या हृदयाकडून रक्त बाहेर नेतात. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला बोटं ठेवली की टुकटुक लागते, ती धमनी. आजची गोष्ट या धमन्यांची.

आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या शेतात ठिबक आहे. मोटरपासून मेन लाइन निघते, तिला सबमेन जोडलेली असते, सबमेनमधून प्रत्येक सरीला बारीक नळी जाते. शरीरातही तसंच आहे. हृदय ही मोटर. तिच्यातून अंगठ्याएवढी जाड मेन लाइन निघते, तिला महाधमनी म्हणतात. ती आधी वर जाते, म्हाताऱ्या माणसाच्या काठीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला लागून खाली पोटात उतरते. वळणावर तिला तीन मोठ्या फांद्या फुटतात. पहिली थोडी पुढे जाऊन दोन होते, एक उजव्या हाताला आणि एक मानेच्या उजव्या बाजूने डोक्याला. दुसरी मानेच्या डाव्या बाजूने डोक्याला जाते. तिसरी डाव्या हाताला. पोटात उतरल्यावर लिव्हर, आतडी, दोन्ही किडन्या यांना फांद्या जातात, आणि बेंबीच्या आसपास मेन लाइनचे दोन भाग होऊन त्यांतून दोन्ही पायांना आणि गर्भाशयाला रक्त मिळतं.

हे झालं पुस्तकातलं चित्र. आता तुरीच्या शेतात उभं राहून बघा. बियाणं एक, पेरणी एका दिवशीची, तरी दोन झाडांच्या फांद्या एकसारख्या फुटत नाहीत. एक बुडापासून फुटतं, दुसरं हातभर वर गेल्यावर. शेंगा दोन्हींना लागतात. माणसाच्या धमन्यांचंही तसंच आहे.

मघाशी मेन लाइनच्या वळणावर तीन फांद्या सांगितल्या. शंभर माणसं घेतली तर त्यातल्या दहा ते वीस जणांमध्ये तिथे दोनच फांद्या असतात, कारण मानेच्या डाव्या बाजूची धमनी पहिल्या फांदीतूनच फुटलेली असते. काही जणांमध्ये तीनच्या चार असतात. किडनीला एक धमनी जाते असं पुस्तक सांगतं, पण शंभरात पंचवीस-तीस जणांच्या निदान एका किडनीला एकापेक्षा जास्त धमन्या असतात. मनगटावर टुकटुक लागते ती धमनी कोपरापाशी फुटते असं चित्रात असतं. शंभरात दहा-पंधरा जणांची ती दंडातच वर फुटलेली असते. ही सगळी माणसं आपल्यासारखीच कापूस वेचतात, लेकरं वाढवतात, ऐंशी-नव्वद वर्षं जगतात. आपल्या शरीरात असं काही आहे हे बहुतेकांना मरेपर्यंत कळतसुद्धा नाही.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या निकोलस मायकेल्स या शरीररचनेच्या प्राध्यापकाने २०० मृतदेहांमध्ये लिव्हरला रक्त नेणाऱ्या धमन्या बारकाईने पाहिल्या आणि १९५५ साली त्यावर पुस्तक काढलं. पुस्तकी चित्राशी जुळणारी ठेवण त्यांना शंभरात ५५ जणांमध्येच दिसली. बाकी ४५ जणांमध्ये काही ना काही फरक होता. म्हणजे जवळजवळ निम्मी माणसं पुस्तकाबाहेरची! मग 'नॉर्मल' कुणाला म्हणायचं?

म्हणून आम्ही गटात एक शब्द धरलाय, ठेवण. नाकाची ठेवण वेगळी, दातांची वेगळी, तशी नसांची ठेवण वेगळी. कागदावर नसांबद्दल काही लिहून आलं की पहिला प्रश्न डॉक्टरांना विचारायचा, "डॉक्टर, हा आजार आहे की ठेवण आहे?"

हा फरक येतो कुठून? तो आईच्या पोटात पडतो, आणि तोही फार लवकर. किडनीचंच बघा. गर्भात किडनी आधी खाली, ओटीपोटात तयार होते आणि मग हळूहळू वर कमरेपर्यंत सरकते. आपलं एखादं कुटुंब कामासाठी गाव बदलत जातं, प्रत्येक गावी नवं नळ कनेक्शन घेतं आणि मागचं बंद करतं, तशी ती वर सरकताना नवी धमनी जोडून घेते आणि खालची जुनी वाळून जाते. कधीकधी एखादं जुनं कनेक्शन बंद व्हायचं राहून जातं. तीच ती जास्तीची धमनी. मानेतल्या आणि छातीतल्या धमन्यांचंही असंच. गर्भात आधी कमानीसारख्या जोड्या तयार होतात, त्यातल्या काही टिकतात, काही विरून जातात. काय टिकलं आणि काय विरलं यावर प्रत्येकाची ठेवण ठरते.

हे बहुतेक काम पहिल्या दोन-अडीच महिन्यांत उरकतं. बऱ्याच जणींना तोवर दिवस गेल्याची नीट खात्रीही झालेली नसते. हे मुद्दाम सांगतोय, कारण आता नाळेची गोष्ट सांगायची आहे.

नाळेत तीन नळ्या असतात, दोन धमन्या आणि एक शीर. बाळ जन्मल्यावर नाळ कापली की सिस्टर त्या कापलेल्या टोकाकडे बघतात. दोन बारीक, जाड काठाची तोंडं दिसतात आणि एक मोठं, सैल. पण शंभर ते दोनशे बाळंतपणांत एखाद्या नाळेत दोनऐवजी एकच धमनी असते. एक तर दुसरी तयारच झालेली नसते, नाहीतर तयार होऊन वाळून गेलेली असते. हल्ली पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हे आधीच दिसतं.

आमच्या गटातल्या एका बाईच्या सुनेच्या कागदावर हेच आलं होतं. सोनोग्राफी केंद्रात कुणी नीट बोललं नाही, हातात कागद दिला आणि मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले. घरी आल्यावर शोध सुरू झाला चुकीचा. ग्रहणात तिने विळी हातात घेतली होती म्हणे. माहेरच्यांनी काही लपवलं असेल म्हणे. पोर दोन दिवस जेवली नाही. आशाताई आणि आम्ही दोघी-तिघी घरी गेलो. आशाताईंनी सासूबाईंना सांगितलं, "मावशी, ग्रहण लागलं तेव्हा तिला सातवा महिना होता. नाळ त्याच्या किती तरी आधी तयार झालती." सासूबाई चूप बसल्या. मग त्याच तिला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेल्या.

तिथे डॉक्टरांनी काय केलं तेही ऐका. एकच धमनी दिसली की बाळाचं हृदय आणि किडन्या पुन्हा नीट बघतात, कारण काही बाळांमध्ये तिथेही दोष असू शकतो. बाकी सगळं नीट असेल, नुसती नाळेतच एक धमनी कमी असेल, तर बहुतेक बाळं चांगली निघतात. फक्त बाळाची वाढ बरोबर होते की नाही यावर शेवटपर्यंत लक्ष ठेवतात आणि बाळंतपण दवाखान्यातच करायला सांगतात. त्या सुनेचं बाकी सगळं नीट निघालं. पोरगं आता अंगणवाडीत जातं.

म्हणून गरोदर बायांनी पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चुकवू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी मोफत असते. कागदावर काही आलं तर तिथे दाखवा. सोनोग्राफी बाळाचं अंग बघण्यासाठी आहे. मुलगा की मुलगी विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे.

आता दुसरी बाजू. ठेवण म्हणजे आजार नाही हे खरं, पण काही वेळा ती ठेवण डॉक्टरांना आधी माहीत असावी लागते. शेतात जेसीबी लावायच्या आधी आपण त्या माणसाला सांगतो, "भाऊ, इथून पाइपलाइन गेली आहे." नाही सांगितलं तर पाइप फुटतो. ऑपरेशनचंही तसंच आहे.

पित्ताशयात खडे झाले की पिशवी काढतात. पिशवीच्या अगदी जवळून लिव्हरची धमनी जाते आणि तिची वाट प्रत्येकीत वेगळी असू शकते. चांगले सर्जन कुठलीही नळी कापायच्या आधी ती नक्की कुठे जाते हे बघूनच कापतात. हर्नियाच्या आणि ओटीपोटाच्या ऑपरेशनमध्येही तसंच. हृदयाची अँजिओग्राफी आता बहुतेक वेळा मनगटातून करतात. हाताच्या धमनीला वर कुठे वळसा असेल तर तार पुढे जात नाही, मग डॉक्टर दुसऱ्या हातातून किंवा जांघेतून जातात. हात बदलला म्हणून काही बिघडलं असं समजू नका.

किडनी देण्याचा प्रसंग तर आपल्या बायांवर फार येतो. मुलासाठी आई, नवऱ्यासाठी बायको, भावासाठी बहीण पुढे होते. किडनी काढायच्या आधी सीटी स्कॅन करून तिच्या धमन्या मोजतात. डावी किडनी काढणं सहसा सोयीचं पडतं. पण डावीला दोन-तीन धमन्या असल्या आणि उजवीला एकच, तर डॉक्टर उजवीचा विचार करतात. जितक्या धमन्या जास्त, तितके जोड जास्त. म्हणून देणाऱ्या बाईने आपल्या कागदावर काय आलंय ते समजून घेतल्याशिवाय सही करू नये. तिच्या अंगातून काय काढणार आणि कुठल्या बाजूचं, हे विचारणं तिचा हक्क आहे.

एक अगदी रोजची गोष्ट. काही थोड्या जणींच्या कोपराच्या खोलगट भागात धमनी अगदी कातडीखालून जाते, शिरेसारखी दिसते. तिथे चुकून इंजेक्शन गेलं तर हाताला मोठी इजा होऊ शकते. शीर टुकटुकत नाही, धमनी टुकटुकते. म्हणून कोपरात सुई घेताना तिथे ठोके लागत असतील तर सिस्टरला आधी सांगा. सुई टोचताच लालभडक रक्त जोरात आलं किंवा बोटांपर्यंत आग झाली तर दात दाबून सहन करू नका, तिथल्या तिथे बोला.

आता सावधगिरीचे दोन शब्द, कारण सगळंच ठेवण म्हणून सोडून देता येत नाही.

एखादीच्या मनगटावर नेहमीच्या जागी नाडी लागत नाही. धमनी थोडी मागच्या बाजूने गेलेली असेल तर ती जन्मापासूनच तिथे लागत नाही आणि हाताला काही त्रास नसतो. पण आधी लागत होती आणि आता लागत नाही, भाकरी थापताना किंवा कपडे पिळताना तोच हात लवकर भरून येतो, गार पडतो, सोबत बारीक ताप आणि अशक्तपणा आहे, तर तो धमन्यांच्या सुजेचा आजार असू शकतो. जपानच्या ताकायासू या डॉक्टरांच्या नावाने तो ओळखला जातो आणि जास्त करून चाळिशीच्या आतल्या बायांनाच होतो. त्याच्यावर औषधं आहेत. म्हणून आरोग्य शिबिरात एकदा तरी दोन्ही हातांचा बीपी मोजून घ्या. वरच्या आकड्यात दर वेळी १५-२० चा फरक येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

दुसरी गोष्ट घास अडकण्याची. शंभरात एखाद्या माणसात उजव्या हाताची धमनी उलट्या बाजूने निघून अन्ननलिकेच्या मागून जाते. त्यातल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, थोड्यांना घास अडकल्यासारखा वाटतो. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या एका बाईला वयात आल्यापासून घास गिळता येत नव्हता. उपचार झाले, गुण आला नाही. साठी उलटल्यावर ती अन्नावाचून गेली. मग डेव्हिड बेफर्ड या डॉक्टरांनी तिचं शरीर तपासलं तेव्हा ही वाकड्या वाटेची धमनी सापडली. आपल्याकडे अशा बाईला नखरे करते म्हणून किती जणांनी बोल लावला असता, विचार करा. घास अडकायची कारणं पुष्कळ असतात आणि धमनीचं कारण त्यात फार विरळ. पण त्रास महिनोन्महिने चालला असेल, वाढत असेल, वजन उतरत असेल, तर तपासणी झालीच पाहिजे. त्यात इतर गंभीर आजारही सापडू शकतात.

हे सगळं डॉक्टरांना कळतं कशावरून? आता सीटी स्कॅन आहे, पण मूळ ज्ञान मिळालं ते मेलेल्या माणसांच्या शरीरांतून. डॉक्टर होणारं प्रत्येक पोर पहिल्या वर्षी मृतदेहावर शिकतं, आणि पुस्तकातलं चित्र आणि खरं माणूस यांतला फरक तिथे त्याच्या हाताला कळतो. आनंदीबाई जोशींचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि बाळ दहा दिवसांत गेलं. पुढे त्या शिकायला गेल्या त्या फिलाडेल्फियालाच, धमन्यांचं पुस्तक जिथे निघालं त्याच शहरात, आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. शरीररचना त्यांनाही शिकावी लागली होती.

आता ते शिक्षण आपल्या दारात आलंय. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात बुलढाण्याचं एक आहे. त्याआधी आपल्याकडची पोरं अकोला, नागपूरला जायची. तिथे शिकणाऱ्या मुला-मुलींनाही शिकायला देह लागतात. आपल्या राज्यात १९४९ सालच्या कायद्याने देहदान करता येतं. हयातीत अर्ज भरून ठेवायचा आणि मृत्यूनंतर घरच्यांनी लवकर कळवायचं. घरच्यांची तयारी नसेल तर अर्ज नुसता कागदच राहतो. हिंगोली जिल्ह्यात जन्मलेले नानाजी देशमुख आणि बंगालचे ज्योती बसू हे राजकारणात दोन टोकांचे. दोघेही २०१० साली गेले, दोघांनीही देहदान केलं होतं. हे करा असा आग्रह आम्ही धरत नाही. पण घरात एकदा बोलून बघायला काही हरकत नाही.

शेवटी आमच्या गटांनी ठरवलेली कामं सांगतो. तुम्हीही करून बघा.

एक, प्रत्येकीची एक फाइल. सोनोग्राफी, सीटी स्कॅन, ऑपरेशनचा कागद, सगळं त्यात. दवाखाना बदलला तरी फाइल सोबत न्यायची. कागद उंदरांनी खाल्ले, पावसात भिजले असं होतं, म्हणून मोबाइलवर फोटोही काढून ठेवायचा.

दोन, फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून घ्यायचं. "उजव्या किडनीला दोन धमन्या आहेत. आजार नाही. ऑपरेशनच्या आधी सांगणे." एवढं पुरतं. वाचता न येणाऱ्या मावशीसाठी गटातली शिकलेली पोरगी लिहून देईल.

तीन, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न पाठ करून जायचे. हा आजार आहे की ठेवण आहे? आत्ता काही करायचं का? पुढे कुणाला सांगायचं? डॉक्टर घाईत असले तरी तीन प्रश्नांची उत्तरं द्यायला दोन मिनिटं लागतात.

चार, कागद समजेपर्यंत शेळी विकायची नाही, कर्ज काढायचं नाही, आणि सुनेला बोल लावायचा नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

आपल्याच बुलढाणा जिल्ह्याचं बघा. एका उतारावर पडलेलं पाणी नळगंगेतून, पूर्णेतून तापीला मिळतं आणि पश्चिमेच्या समुद्रात जातं. दुसऱ्या उतारावरचं पैनगंगेतून, खडकपूर्णेतून गोदावरीला मिळतं आणि पूर्वेच्या समुद्रात जातं. जिल्हा एक, पाण्याच्या वाटा दोन. कुठल्या नदीला आपण चुकलेली म्हणत नाही. फक्त विहीर खोदायची, बंधारा बांधायचा, तर पाणी कुठून कुठे जातं ते आधी बघतो.

तुमच्या कागदावर असं काही आलं असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या, आशाताईंनाही बोलवा. सगळ्या मिळून वाचू आणि कुणाला काय विचारायचं ते ठरवू. नमस्कार.